कपारीतला पिवळा

नांगर माझ्या नाकासमोरून खाली गेला आणि कपारीवर आपटला.

मी पाण्याखाली होते. ट्युनिशियातल्या तबर्काच्या बंदराबाहेरची ती खडकाची भिंत माझ्या पायाखालची, आणि त्या भिंतीत माझा पिवळा राहायचा. बोटाएवढा मासा, अंग लिंबासारखं, तोंड काळं कुळकुळीत. वसंतात कपारीतल्या अंड्यांवर असा पहारा देतो की पर्यटक पाहुण्यांना खोल बुडी मारायला शिकवायला नेलं, तर माझ्याच बोटाला टोचून हाकलतो. आणि आता त्याच्या दारात हे लोखंड... खडकावरचं शेवाळ खरवडून निघालं, पाणी गढूळ झालं, पिवळा दिसेना.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर आले, बोटीची कड धरली, मास्क कपाळावर सारला.

"डोळे आहेत का भोकं? खाली माणूस आहे सांगणारा माझा झेंडा दिसला नाही?"

वरून एकजण वाकला. उन्हाने रापलेला, हातात अर्धी खाल्लेली ब्रीक, म्हणजे अंडं भरून तळलेली पातळ घडी, हनुवटीवर अंड्याचा बलक.

"दिसला ना. मला वाटलं, कोळ्यांनी जाळ्याची खूण ठेवलीये."

"बिझर्ट बंदरातला दिसतोस."

"कसं ओळखलंस?"

"अकलेवरून. कुणाचं तरी घर मोडलंस तू."

"तुझं?"

"माशाचं."

तो हसला. मेला हसला! नाव नौफल, नवी बोट घेऊन आमच्या बंदरात धंदा करायला आलेला. संध्याकाळी धक्क्यावर पुन्हा समोर आला, तेव्हा मी सगळ्यांदेखत त्याला धुऊन काढला. ब्रीक तळणारी मब्रूका खाला म्हणाली, "शिराझ, आधी खाऊन घे. भांडण पुन्हा तापवता येतं, ब्रीक नाही."

मी ऐकते होय? "उद्या सकाळी माझ्याबरोबर खाली चल," मी त्याला म्हटलं. "राखणदार गेला की बाकीचे मासे अंडी फस्त करतात. पिवळा जागेवर नसेल, तर बोट घेऊन बिझर्टला चालू लागायचं."

"आणि असला तर?"

"तर... राहा. पण माझ्या नजरेसमोर नको."

"मग नजरेआड राहतो. चालेल?"

"आधी तोंड पूस. सकाळपासून बलक तसाच आहे."

त्याने भलताच गाल पुसला. माझा हात पुढे गेला... आणि मी तो मागे ओढला. मग त्याचाही राग आला.

रात्रभर कूस बदलत होते. पिवळा असू दे, असू दे... अंड्यांसाठीच म्हणत होते ना मी? हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

सकाळी उतरलो. कपार रिकामी होती. दोन परके मासे उरलीसुरली अंडी टिपत होते.

चिडलेल्या माणसाला हवा पुरत नाही, हे मी रोज पाहुण्यांना बजावते. आणि आता मीच धापा टाकत होते. त्याच्यावर चिडले, नांगरावर चिडले, अट घालणाऱ्या माझ्या तोंडावर तर सगळ्यात जास्त. टाकीतली हवा दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं तेव्हा तो लाल खुणेत गेलेला. मी गळ्यावरून आडवा हात फिरवला. हवा संपली.

नौफलने क्षणाचाही विचार न करता स्वतःच्या तोंडातली नळी मला दिली, जादाची आपण घेतली. अशा वेळी एकमेकांचा खांद्याचा पट्टा धरायचा असतो. त्याने माझा धरला, मी त्याचा. हळूहळू वर आलो आणि पृष्ठभागाखाली दोर धरून थांबलो, खोलातून एकदम वर यायचं नाही या नियमाप्रमाणे. नळीला हरीसाच्या लाल चटणीची चव होती. सकाळी सकाळी एवढं तिखट कोण खातं? बोलता येत नव्हतं. काचेमागे त्याचे डोळे होते, आणि ते माझ्यावरून हलत नव्हते.

डोकं बाहेर आल्या आल्या मी म्हणाले, "होता. आत, मागच्या बाजूला. मी पाहिला."

समुद्राबद्दल मी तोवर कुणाशी खोटं बोलले नव्हते.

"शिराझ... मीही पाहिलं. नव्हता."

"पाहिलंस तर गप्प बसायचं होतंस."

"शब्द दिलाय. दुपारी निघतो."

"हो, नीघ! वाटोळं करायचं आणि निघायचं. पुढच्या वसंतात दुसरा पिवळा येईल, त्याच्या दारात दुसरा कुणी नांगर टाकेल, आणि मी एकटी कुणाकुणाशी भांडू? नांगर पडू नये म्हणून बोटी बांधायला लांब तिकडे वाळूत कडी कोण बसवणार? तुझा आजा?"

लाट आली, आम्ही दोघं वर गेलो, खाली आलो.

"कडी बसवायला किती वेळ लागतो?"

"मी मदत केली तर एक दिवस."

"आणि नाही केलीस तर?"

"तुझ्यासारख्या माणसाला? जन्म जाईल."

"मग मदत करू नकोस," नौफल म्हणाला.

चिडलेलीच होते मी. पण त्याच्या खांद्याचा पट्टा मी अजून सोडला नव्हता.