ढिगातला दगड

मी मोजणीखात्यातला माणूस. साखळीनं मोजता येईल तेवढंच खरं, असं मानणारा. छप्पन साली कोसमगडाचा नकाशा करायला चांद्याहून निघालो, तेव्हा बायकोला, सुगंधाला म्हटलं, चार दिवसांत येतो.

गड म्हणजे काय, तर टेकडीवर पडका दरवाजा, बुजलेलं टाकं आणि बुरुजावर वाढलेलं मोहाचं झाड. दरवाज्याशी मात्र कमरेएवढा दगडांचा ढीग. माझ्या साखळीवाल्या कोलूनं सांगितलं, वेढा पडला तेव्हा शिपायांनी चढताना पायथ्याचा एकेक दगड इथं ठेवला. उतरताना परत न्यायचा होता. कोणीच उतरलं नाही. तेव्हापासून जो तो असाच दगड ठेवतो अन् परतताना तोच नेतो. कोलूनं आपला दगड नीट पारखून घेतला होता. मी हाताला लागला तो उचलला अन् ढिगावर टाकला. म्हटलं, कशाला यांचं मन मोडा.

उन्हं कलली तसं काम आटोपलं. कोलूनं आपला दगड लगेच ओळखला. मी समोरचा कोणता तरी घेतला अन् उतरलो.

पायथ्याशी तिथल्याच गावची नीलाबाई आंबिलीचं मडकं घेऊन बसली होती. तिची पोर बुधरी मागच्या चैतात मोहफुलं वेचायला वर गेली, ती आलीच नाही. तेव्हापासून बाई रोज इथं बसायची.

तिची नजर माझ्या हाताकडे गेली. दगडावर पांढरी रेघ होती, मलाही आत्ताच दिसली. तिनं तो ओढून छातीशी धरला अन् हमसून रडली.

"माह्या बुधरीचा हाय."

मग माझ्या मागं वाटेकडे पाहून हसली. "आली वं माय!"

मी वळून पाहिलं. वाट रिकामी होती.

तिनं पळसाच्या पानांचे तीन दोने आंबिलीनं भरले. एक कोलूला, एक स्वतःला, एक शेजारी भुईवर. मला दिलाच नाही.

भुईवरचा दोना हळूहळू रिता झाला.

कोलू गडाकडे पाहत होता. "साहेब अजून काऊन नाई उतरले, बाई?"

दुसऱ्या दिवशी तो गडभर मला हाका मारत फिरला. मी शेजारून ओ देत होतो.

ढिगाशी खूप वेळ बसलो. आपला दगड कोणता, आठवेना. पाहिलाच नव्हता मी तो. पुन्हा चुकीचा उचलला तर कोण उतरेल, या भीतीनं हात मागं घेतला.

चांद्याला पायी आलो. रोज दिवेलागणीला सुगंधा दार उघडते, रस्त्याकडे लांबवर पाहते. मी पायरीवरच बसलेला असतो.

मग ती कडी लावून घेते.