दक्षिण बाजूचं माप

हे घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी वाद घालण्याची ताकद आता उरलेली नाही. तलावाचं नाव तेवढं बदललंय, कारण तिथे अजून माणसं सहलीला जातात.

गेल्या वर्षीचा मे महिना. तिसरा रविवार. दुपारचे साडेतीन.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. डोक्यावर रणरणतं ऊन होतं.

टिटवाळ्याच्या बऱ्याच पुढे, डोंगरांच्या आत, साखरोंड्याचा तलाव आहे. बांध घातला तेव्हा त्यात एक जुनं शिवमंदिर बुडालं. वर्षातून जेमतेम तीन आठवडे, पाणी तळाला गेलं की, त्याचा चौथरा बाहेर येतो.

क्षिप्रा नवऱ्याला, केदारला, घेऊन तिथे आली होती ती वडिलांच्या वहीतली एक रिकामी जागा भरायला.

तिचे वडील, अण्णा, नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. बाळकुमच्या घरातून दर रविवारी निघायचे आणि आसपासची पडकी देवळं, विहिरी, वीरगळ मोजून वहीत उतरवायचे. चामड्याच्या गोल डबीतली कापडी टेप, टोकाला पितळी कडी. लहानपणी क्षिप्रा बरोबर असायची. कडी धरणं हे तिचं काम.

"क्षिपू, शून्य धर!" अण्णा ओरडायचे.

ती कोपऱ्यावर कडी टेकवून दोन हिसके द्यायची. म्हणजे धरलंय. अण्णा आकडा वाचायचे, लिहायचे आणि मग म्हणायचे, "सोड."

"सोड" ऐकू आल्याशिवाय कडी सोडायची नाही. मुंग्या चावल्या तरी नाही. हा नियम होता.

आदल्या मेमध्ये अण्णांनी तिला साखरोंड्याला चल म्हटलं होतं. तिला ऑफिसचं काम होतं. "अण्णा, दगड काय पळून जातायत का?" ती म्हणाली होती.

अण्णा एकटे गेले. पंधरा दिवसांनी झोपेतच वारले.

वहीच्या शेवटच्या पानावर त्या चौथऱ्याचं चित्र आहे. पूर्व, उत्तर, पश्चिम... तिन्ही बाजूंना मापं.

दक्षिण कोरी.

वर्षश्राद्धाला ती वही छापून वाटायची होती. शिवाय पुढच्या उन्हाळ्यात चौथऱ्यावर सेल्फी पॉइंटचं काँक्रीट पडणार असल्याचं तिच्या कानावर आलं होतं. म्हणजे आज नाही, तर कधीच नाही.

पण पोचेपर्यंतच तिचं डोकं फिरलं होतं. मोबाइलच्या नकाशाने दोनदा त्याच वीटभट्टीत नेऊन सोडलं. तलावापाशी 'वारसा व निसर्ग पर्यटन' अशी कमान, आणि कमानीखाली उलटी पडलेली पेडल बोट. तिकिटाची खिडकी बंद. आणि तिकिटाशिवाय आत सोडत नाही म्हणून फाटकात खुर्ची टाकून बसलेला सहदेव नावाचा रखवालदार.

"खिडकी कधी उघडणार?"

"माणूस जेवाया गेलाय, ताई."

"साडेतीन वाजता?"

"लग्नात गेलाय. तिथं पंगत लेटच उठते."

केदार हसला. क्षिप्राला तेही सहन झालं नाही. "तू हस. एवढंच राहिलंय."

सहदेवचं लक्ष तिच्या हातातल्या डबीकडे गेलं.

"अशीच टेप घेऊन गेल्या साली एक म्हातारे आल्ते. नातीला घेऊन."

"ते माझे वडील. आणि ते एकटेच आलेले."

"नाय हो, पोर व्हती. दोन वेण्यांची."

"अण्णांना नात नाहीये!" तिचा आवाज चढला. "दुसरं कुणीतरी असेल. इथे एक माणूस धड काही सांगेल तर शपथ."

सहदेवने खांदे उडवले. "असंल. जावा आत, तिकिटाचं ऱ्हाऊ द्या. पण पाचला फाटक लावणार. मग देव आला तरी उघडत नाय."

पाणी आटून तळ उघडा पडला होता. मातीला मोठमोठ्या भेगा. मधोमध काळा चौथरा.

तिथवर पोचल्यावर कळलं, पाण्याच्या बाटल्या गाडीतच राहिल्या.

"आणतो पटकन," केदार म्हणाला.

"पटकन आण. धरायला माणूस लागतं मला."

तो गेला. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. फाटकाच्या बाहेर, लांब, गाडीला टेकून फोनवर बोलणारा केदार तिला ठिपक्याएवढा दिसत होता. तिने हाका मारल्या. हात हलवले.

काही उपयोग नाही.

शेवटी ती चिडून एकटीच कामाला लागली. दक्षिणेच्या बाजूला मंदिराचे दगड ढासळून मोठा ढीग झाला होता. ढिगाच्या कडेने टेप सरळ जायची, पण पलीकडचा कोपरा दिसत नव्हता. तिने तिकडे कडी ठेवली, वर दगड ठेवला, इकडे आली, टेप ताणली.

दगड घरंगळला. टेप सुटून आली.

पुन्हा गेली. मोठा दगड ठेवला. पुन्हा सुटली.

तिसऱ्यांदा सुटली तेव्हा तिला रडूच आलं. वर्षभर न आलेलं. "एकदा तरी नीट होऊ दे रे काहीतरी!" ती मोठ्याने म्हणाली.

मग चौथ्यांदा कडी ठेवून आली.

आणि तेव्हा तिला जाणवलं... मघापासून टिटव्या ओरडत होत्या, त्या गप्प झाल्यात.

वारा नाही.

पान हलत नाही.

तिने टेप उचलली... आणि टेप ताठ झाली.

मग हाताला दोन हिसके बसले.

आला एकदाचा, असं तिला वाटलं. "केदार, नीट कोपऱ्यावर धर!"

उत्तर नाही. टेप मात्र बोटभर सरकली... आणि बरोबर जागेवर थांबली.

नऊ मीटर अडतीस. तिने आकडा अण्णांच्या वहीत लिहिला. लिहून मान वर केली.

केदार फाटकाकडून चालत येत होता. हातात दोन बाटल्या.

अजून अर्ध्या वाटेवर.

टेप तिच्या हातात अजून ताठ होती.

तिने डबी हळूच चौथऱ्यावर ठेवली. टेप सैल पडायला हवी होती.

पडली नाही.

ती ढिगाला वळसा घालून गेली. कोपऱ्यावर कुणीही नव्हतं. तिने ठेवलेला दगड हातभर लांब पडला होता. पितळी कडी मात्र कोपऱ्याला अचूक टेकलेली...

आणि शेजारी, कोरड्याठाक दगडावर, दोन लहान ओली पावलं.

क्षिप्रा मागे पळाली. डबी उचलून टेप खेचली. येईना. पुन्हा खेचली. पलीकडून कुणी ओढत नव्हतं.

नुसतं सोडत नव्हतं.

तिने सगळा जोर लावला, आणि जुनं कापड टरकन फाटलं. कडी तिकडेच राहिली.

केदारने तिला अक्षरशः धरून फाटकाबाहेर आणलं. पाच वाजले होते. सहदेव कुलूप लावत होता.

"ती मुलगी," क्षिप्राने विचारलं, "तिला काय हाक मारत होते ते?"

"क्षिपू का काय ते. सारखं वरडत व्हते, शून्य धर, शून्य धर."

केदारने तिच्याकडे पाहिलं. त्या नावाने तिला फक्त अण्णा हाक मारायचे.

"मग गेली कुठे ती?"

"तेच तर. म्हातारे जाताना एकटेच आले, घामाघूम, छातीवर हात. मी म्हटलं, काका, पोर? तर म्हंतात, एक बाजू राहिलीय, ती थांबलीय धरून. मी बॅटरी घेऊन समदा तलाव बघून आलो, ताई. कुनी नाय."

क्षिप्राला तेव्हा कळलं. अण्णा "सोड" म्हणालेच नव्हते.

आणि आकडा लिहून झाल्यावर तीही म्हणाली नव्हती.

"उघडा फाटक. एकच मिनिट."

"पाच वाजले, ताई."

"मला फक्त एक शब्द बोलायचाय हो!"

"सायबांची ऑर्डर हाय. उद्या या."

तिने फाटकाचे गज धरले आणि तिथूनच ओरडली, "सोड! क्षिपू, सोड!"

नेमका त्याच क्षणी गावातल्या लग्नाचा डीजे सुरू झाला. तिचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला नाही. ती घसा फुटेस्तोवर ओरडली.

दुसऱ्या दिवशी जायचं ठरलं होतं. रात्रीच तिला ताप भरला, तो आठवडाभर उतरला नाही. त्या साली पाऊस मेमध्येच आला.

वही वेळेवर छापून झाली. चारही मापांसकट. लोक म्हणाले, मुलीने वडिलांचं काम पूर्ण केलं.

टेप कपाटात आहे. आता ती चार सेंटिमीटरपासून सुरू होते.

केदार म्हणतो, उन्हाचा त्रास होता. असेलही. पण क्षिप्राला एकच गोष्ट झोपू देत नाही. ती मुलगी कशी होती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? मुंग्या चावल्या तरी न सोडणारी. सांगितलेलं ऐकणारी.

आता त्या कोपऱ्यावर चाळीस फूट पाणी आहे.