बंद झालेल्या वर्गणीचं प्रकरण

मे महिन्यात कुणी अशील येऊ नये, असं भैय्याजी ढोमणे यांना वाटे. खरं म्हणजे हल्ली त्यांना ते बाराही महिने वाटे. सारी नोकरी पोलादाच्या प्लांटच्या सुरक्षा विभागात चोर धरण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर हुडको वसाहतीतल्या घरावर 'खाजगी तपास' अशी पाटी लावली, आणि आता ती काढायचाही कंटाळा आला होता.

त्या दुपारी कलावतीबाई खुर्सीपार वस्तीतून आल्या, तेव्हा कूलरसमोरची खुर्ची मारोतरावांनी अडवलेली होती. मारोतराव शेजारचे निवृत्त हेडक्लार्क. प्रत्येक तपासात ते सोबत असत आणि प्रत्येक वेळी भलत्याच माणसावर संशय घेत.

"भैय्याजी, आमचं मासिक कोनं तरी बंद केलं," कलावतीबाई म्हणाल्या. "मले तो मानूस पाहिजे."

मारोतराव हसले. भैय्याजी हसले नाहीत. बाई भर उन्हात पायी आल्या होत्या.

"नीट सांगा, वहिनी."

त्यांचे यजमान दयाराम प्लांटच्या मेल्टिंग शॉपमध्ये क्रेन चालवत, वितळलेल्या पोलादाची लेडलं, म्हणजे अवजड भांडी, उचलत. पुण्याहून निघणारं रहस्यकथांचं एक मासिक त्यांच्याकडे कित्येक वर्षं पोस्टानं येत होतं. अचानक ते यायचं थांबलं आणि मासिकाच्या कचेरीतून कार्ड आलं: आपल्या पत्राप्रमाणे वर्गणी बंद केली आहे. दयाराम म्हणत होते, मला काही माहीत नाही.

"मले वाचता येत नाही," बाई म्हणाल्या. "जेवनं झाले का हे मले गोष्ट वाचून दाखवत. दिवसभरात तेवढंच त्यांचं बोलनं. आता भिंतीकडं तोंड करून बसून राहतात. घर कसं मुकं झालं, भैय्याजी." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "अन् शेवटची गोष्ट अर्धीच राहिली. मेल्टिंग शॉपमधे लेडलखाली एक मानूस मरते. खुनी कोन, ते पुढच्या अंकात येनार होतं."

"अहो, मीही तेच मासिक घेतो," मारोतराव म्हणाले. "शेवटच्या अंकात महाबळेश्वरच्या हॉटेलात हिऱ्यांचा हार चोरीला जातो. लेडलबिडल कुठंच नाही. तुमची काही तरी गल्लत होतेय."

"माही गल्लत नाही होत," बाई म्हणाल्या.

भैय्याजींनी डोळे मिटले होते. "मारोतराव, वर्गणी बंद कशी करतात हो?"

"करून पाहा एकदा! मी किती पत्रं लिहिली! दर वेळी उत्तर एकच, वर्गणीदार क्रमांक कळवा. तो अंकावर नसतोच, वरच्या वेष्टनाच्या पट्टीवर असतो. आणि वेष्टन मी फाडून केरात टाकलेलं असतं. म्हणून अंक येतोय अजून."

"वहिनी, तुमच्याकडं वेष्टन कोण काढतं?"

"हेच. दुसऱ्या कोनाले हात नाही लावू देत."

भैय्याजींनी डोळे उघडले. ते एकदम जास्तच थकल्यासारखे दिसले.

ऊन उतरल्यावर कलावतीबाईंसोबत दोघं खुर्सीपारला गेले. शेजारी गुलाबराव दारातच भेटले. दयारामशी त्यांचं नालीवरून भांडण झालेलं गल्लीभर माहीत होतं.

"मी कावून बंद करू?" गुलाबराव उसळले. "भांडन नालीचं. मासिक तं मले फुकटात भेटत होतं. दयारामचं वाचून झालं का माह्याकडंच येत जाय, वेष्टन काढलेलं. पहिले दयाराम शब्दकोडं भरून देत होता, एक घर रिकामं नाही. इकडं काही महिने कोरंच देऊन राहिला होता. मले बरंच झालं, मी भरलं."

दयारामचा मुलगा देवानंद ड्यूटीवरून येऊन हातपाय धूत होता. तोही त्याच शॉपमध्ये, ठेकेदाराकडे. गळ्यात शिट्टी होती.

"टीव्हीला पैसे पाहिजेत म्हणून वर्गणी बंद केलीस का रे?" मारोतरावांनी दरडावलं.

"टीव्ही पाहिजे काका, पर मैं क्यों बंद करूंगा? त्या गोष्टींच्या टायमाले आई-बाबा दोघंही खूश राहत."

"शिट्टी कशाची?" भैय्याजींनी विचारलं.

"बाबा वर क्रेनमधे, मी खाली. मी हातानं इशारा करतो, बाबा लेडल खाली घेतात. आधी हातानं काम चालायचं. आजकल सीटी भी मारनी पड़ती है. बाबाचं ध्यान राहत नाही."

आत दयाराम खाटेवर बसला होता. दारात मारोतरावांनी हात जोडले. दयाराम त्यांच्याकडे तोंड करून तसाच बसून राहिला. मारोतरावांचा चेहरा पडला.

"रामराम, दयाराम," भैय्याजी प्लांटातल्या जुन्या ओळखीनं म्हणाले.

"कोन, भैय्याजी? या, बसा ना!" तो लगबगीनं उठला, हातानं चाचपत स्टूल पुढं केलं.

मारोतराव भैय्याजींच्या कानाशी लागले. "पोरगाच आहे. आणि बाप शिष्ट आहे, नमस्कारसुद्धा घेतला नाही."

"मारोतराव, मले घरी जावंसं वाटून राहिलं," भैय्याजी हळूच म्हणाले. पण ते स्टुलावर बसले. कलावतीबाई आणि देवानंद भिंतीला टेकून उभे राहिले.

"वहिनी, वर्गणी बंद करायची तर पट्टीवरचा क्रमांक लागतो. गुलाबरावांकडं अंक जाई तो वेष्टनाशिवाय. देवानंदच्या हाती वेष्टन लागतच नव्हतं. ते फक्त दयारामच्या हाती लागे."

"यायनंच बंद केलं? कावून?"

"तेच मलेही कळत नव्हतं. पण जो माणूस कोडं पूर्ण भरायचा, तो कोरं देऊ लागला. हाताचा इशारा पुरायचा, तिथं शिट्टी लागू लागली. मारोतरावांनी समोर उभं राहून हात जोडले, ते त्याले कळलं नाही. माझा आवाज लगेच कळला." भैय्याजी थांबले. पुढचं बोलणं त्यांच्या जिवावर आलं होतं. "आणि वहिनी, तुमची गल्लत झालेली नाही. लेडलची गोष्ट अंकात नव्हतीच. दयाराम अंक समोर धरून मनातल्या गोष्टी सांगत होता. त्याले दिसत नाही."

कलावतीबाई नवऱ्याच्या डोळ्यांकडे पाहू लागल्या.

"चष्मा लावला असता की," मारोतराव पुटपुटले.

"चष्म्यानं होत नाही," दयाराम म्हणाला. "दुर्गच्या डॉक्टरनं सांगतलं, डोळ्याचा पडदा गेला. तिथंच पोस्टासमोर एकाच्या हातात पट्टी दिली अन् पत्र लिहून घेतलं. प्लांटची डोळ्यांची तपासनी पुढच्या महिन्यात हाये. तोवर ढकलून राहिलो होतो. सारी उमर वर बसलो, भैय्याजी. खाली उतरून मी करू काय?"

कलावतीबाई त्याच्याजवळ येऊन खाटेवर बसल्या.

"मंग त्या गोष्टी तुमच्याच?"

"हो."

"अन् तो लेडलखाली मेला, त्याचा खुनी कोन?"

दयाराम म्हणाला, "क्रेनवाला. त्याले खालचा मानूस दिसलाच नाही. तो मानूस त्याचा..." देवानंद जिथं उभा होता तिकडं त्यानं तोंड वळवलं. "पुढचं माह्याच्यानं सांगनं होईना. रोज तू विचारत होती, अंक कवा येते. मी थकलो. म्हनून बंद केलं."

मारोतरावांनी खिशातून रुमाल काढला. आज ते चुकले याचं त्यांना काहीच वाटलं नाही. भैय्याजींना मात्र आपण हुशार आहोत याचा मनापासून वैताग आला.

देवानंदनं गळ्यातली शिट्टी काढली आणि बापाच्या हातात ठेवली. "उद्या वर नाही चढायचं, बाबा. सकाळी प्लांटच्या मेडिकलले जाऊ. साथ में."

दयारामनं शिट्टी मुठीत धरली. मग होकारार्थी मान हलवली.

भैय्याजी उठले. "वहिनी, मासिक पुन्हा सुरू करायचं असेल तर मारोतराव पत्र लिहून देतील."

"नको, बंदच राहू द्या," कलावतीबाई म्हणाल्या. मग नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अवो, त्या गोष्टीत तो मानूस मरत नाही. क्रेनवाला आधीच खाली उतरते. आज जेवल्यावर तुमी तसंच सांगा."