अकरा सेकंदांचं अंगण

विज्ञानापुढे काहीही लपून राहत नाही, हे मी गेली बावीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे. मला फिजिक्समध्ये सेकंड क्लास होता आणि बारामतीत माझं टीव्हीचं दुकान आहे, एवढाच या विधानाला आधार.

गिऱ्हाइकाला रिफ्रेश रेट समजावून सांगणं हे माझं आवडतं काम. पडदा सेकंदाला साठ वेळा नवा होतो, असं मी म्हणतो. इंदापूरकडच्या एका डाळिंबवाल्यानं त्यावर विचारलं होतं, "मग लवकर झिजत न्हाय का?" नंतर त्यानं भिंतीचं माप सांगितलं आणि त्या मापाचा टीव्ही नेला. सगळे तसाच नेतात.

पणदऱ्याच्या सोपानतात्यांनी माप सांगितलं नाही. म्हणाले, "पोराला पायजे हुता तसला द्या. मोठा."

पोरगा, अविराज, ऑक्टोबरात गेला होता. चोवीस वर्षांचा.

टीव्ही लावायला मी स्वतः गेलो. फेब्रुवारीचे दिवस, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, हवेत मळीचा आंबूस वास. टीव्ही भिंतीवर चढला तसा तात्यांनी फोन पुढे केला. "आधी ह्ये लावा."

अकरा सेकंदांची क्लिप होती. अविराजची बहीण छकुली, सुप्याला दिलेली, दसऱ्याला माहेरी आली होती. भावाचा रुसवा तिनं गंमत म्हणून टिपला होता. अंगण, कडेला शेवगा, पलीकडे लोखंडी फाटक. निळ्या टी-शर्टातली एक पाठ फाटकाकडे निघालेली. मागून आईचा आवाज, "आरं, जेवून तरी जा." पाठ थांबत नाही. हात कडीला लागतो आणि क्लिप संपते.

रुसवा टीव्हीवरूनच होता. त्याला मोठा हवा होता. आई, म्हणजे रतनवहिनी, म्हणाल्या होत्या की आहे त्यात काय दिसत नाही तुला. तो भिगवणला मासे खातो म्हणून मोटरसायकलवर निघाला आणि भिगवणच्या अलीकडे उभ्या ट्रकवर गेला. दवाखान्याच्या कागदावर बऱ्याच गोष्टी लिहिल्या होत्या. त्यांतली 'पोट रिकामे' एवढीच वहिनींनी लक्षात ठेवली.

फोन जुना आणि पडदा मोठा, त्यामुळे पाठ ठेचकाळत चालत होती. मी मेनू उघडला, मोशनची सेटिंग 'जास्त'वर नेली. पाठ पाण्यासारखी वाहायला लागली. मग सवयीनं समजावून सांगितलं. दोन चित्रांच्या मधलं जे कॅमेऱ्यानं टिपलंच नाही, ते टीव्ही अंदाजानं भरून काढतो.

वहिनी पहिल्यांदाच बोलल्या. "म्हंजे आमाला दिसलं न्हाय त्ये दावतो?"

"तसंच म्हणायचं," मी म्हणालो. हे मी का म्हणालो, कळत नाही. विक्री तर झालेली होती.

आठ दिवसांनी तात्यांचा फोन आला. "शेठ, पोरगं हळू चालतंय."

गेलो. क्लिप पुन्हा पुन्हा चालू होती. पडद्याच्या कोपऱ्यात अकरा सेकंद दिसत होते. माझ्या घड्याळात चौदा झाले. पुन्हा मोजले, पुन्हा चौदा. प्रोसेसरवर लोड येतो, मी म्हणालो. तात्यांनी शेती खात्याच्या माणसापुढे हलवतात तशी मान हलवली.

कडीला लागलेला हात आता परत खाली येत होता. अंदाज चुकला की कडा पुसट होतात, असं मी सांगितलं. हात पुसट नव्हता. मनगटावरचा लाल दोरा मोजून घ्यावा इतका स्वच्छ होता.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यात दोन ताटं, वाढलेली. भाकरी, वांग्याचं कालवण, शेंगदाण्याची चटणी. कालवणावर साय धरली होती.

"कान दिसाय लागला," त्या म्हणाल्या.

दिसत होता. उजवा.

मार्चच्या सुरुवातीला तात्या दुकानात आले. भिंतीवरच्या दहा टीव्हींवर एकच मॅच चालू होती आणि तात्या त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"बंद करून द्या त्ये. बारा दिस झालं, ती जेवली न्हाय. कपभर च्या घेती. म्हणती, त्यो वळला की संगंच बसू."

मी गाडी काढली. वाटेत ते एकदाच बोलले.

"तोंड मलाबी बघायचंय, शेठ. पर हिलाबी जगवायचंय."

दुपारचा एक वाजला होता. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. वहिनींनी मला पाणी दिलं तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

पडद्यावर तो फाटकापाशी उभा होता. शेवग्याची पानं हलत होती. कोपऱ्यातले सेकंद अकरावर थांबले होते. गालाची कड दिसत होती, कोवळी दाढी असलेली.

"वहिनी, हे टीव्हीनं केलेलं आहे. अंदाज आहे नुसता."

"मग बराबर हाय की अंदाज." त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "रुसून चार पावलं जायचा आन् वळायचा. ल्हानपणापासनं. छकुलीनंच मधी बंद केलं."

यावर फिजिक्समध्ये काही नाही.

"आजच्या दिस ऱ्हाऊ द्या, शेठ," वहिनी म्हणाल्या. "आज वळतोय."

मी तात्यांकडे पाहिलं. ते गोठ्याकडे पाहत होते.

रिमोट उचलला. मेनू. मोशन. बंद.

चित्र एकदा थरथरलं.

अंगण. शेवगा. फाटक. फाटकाला आतून कडी.

क्लिप पहिल्यापासून सुरू झाली. अंगणात कोणी नव्हतं. हाकही नव्हती.

तात्यांनी सुप्याला फोन लावला. छकुलीनं आपल्या फोनमध्ये शोधलं.

"तात्या, हितंबी अंगणच हाय ओ. नुसतं."

वहिनी उठल्या. गार भाकऱ्या तव्यावर टाकल्या, कालवण ऊन केलं, दोन्ही ताटं नव्यानं वाढली. मग बसून जेवल्या. बारा दिवसांनी, सावकाश, दुसऱ्याच्या घासाला घास लावत.

"सावकाश खा," त्या समोरच्या ताटाला म्हणाल्या. "ठसका लागंल."

तात्या कधी ताटाकडे बघत होते, कधी पडद्याकडे.

"शेठ," ते हळूच म्हणाले, "मला दिसंना."

मी सेटिंग पुन्हा 'जास्त' करायला मेनू उघडला. मोशन हा शब्द सापडला नाही. वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं. शेवटी टीव्हीच्या मागचा नंबर लिहून घेतला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी दुकानात तो बिलाशी ताडून पाहिला. आमच्या गोडाऊनमधून चुकीचा खोका गेला होता, एक पायरी खालचं मॉडेल. त्यात ती सेटिंग येत नाही.