हातदोर

रोदोपीच्या डोंगरात डिसेंबरचं धुकं दुपारीच उतरतं आणि मग ठाण मांडून बसतं. अशाच एका दुपारी राडोय शेवटच्या खड्ड्याशी केबल ओढायच्या विंचचा दांडा धरून उभा होता. खाली घळीत त्याचा जोडीदार मिंको केबलच्या रिळापाशी होता, आणि मधे दोनशे मीटर जमिनीखालची नळी. ही केबल वर आली की गावाला दुसरी वीज मिळणार होती. खांबावरची तार तुटली तरी दिवे जाणार नव्हते. राडोयला ती आजच हवी होती, कारण रात्री बर्फ पडणार होतं आणि त्याची आई स्तोयना ऑक्सिजनच्या मशीनवर होती.

गेल्या फेब्रुवारीत तार तुटली, तेव्हा त्याचे वडील डेल्चो त्या मशीनसाठी वादळात खांबावर चढले होते. गावचे लाइनमन, साठीचे. जिवंत काही उतरले नाहीत. तोच खांब खड्ड्याशेजारी उभा होता आणि गावच्या रिवाजाप्रमाणे त्यावर त्यांच्या सहामासीच्या स्मरणाचा कागद चिकटवलेला, फोटोसकट.

"बघा आता, बाबा," राडोय फोटोला म्हणाला, "नंतर चुका काढू नका."

घळीत फोन लागत नाही. म्हणून डेल्चोंचीच जुनी पद्धत: बाजूच्या रिकाम्या नळीतून एक बारीक हातदोर. तीन हिसके म्हणजे ओढ. एक म्हणजे थांब.

तीन हिसके आले. राडोयने दांडा फिरवायला घेतला. केबल निमूटपणे येत होती. त्याच्या मनात आईच्या हातचा घेवड्याचा रस्सा घोळत होता. तेवढ्यात हातदोराला एक हिसका बसला. असा जबरदस्त, की बोटं भाजली. त्याने दांडा सोडला. विंच मागे गेला आणि केबल सैल पडली.

मग बराच वेळ काहीच नाही. फक्त नळीच्या तोंडातून ओल्या लोकरीचा वास येत राहिला, बाबांच्या कोटाला यायचा तसा...

शेवटी धुक्यातून मिंको धापा टाकत वर आला. डाव्या हाताला मफलर गुंडाळलेला, तोंड पांढरंफटक.

"देवासारखा थांबलास रे बाबा! हात अडकला होता, केबल आणि नळीच्या मधे. अजून एक फेरा, की पाचही बोटं गेली होती."

"तूच हिसका दिलास ना?"

"कुठल्या हाताने?" मिंको म्हणाला. "दोर दहा पावलं लांब होता, राडोय..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग खांबाकडे. मिंकोने छातीवर क्रूस काढला. "काम संपवू या," तो हळूच म्हणाला. त्यांनी संपवलं. दिवेलागणीपर्यंत जोड मारून झाले होते.

त्या रात्री बर्फ पडलं, खांबावरची तार तुटली, आणि गावातला एकही दिवा गेला नाही. नुसते दिवे एकदा लुकलुकले. मशीन घुरघुरत राहिलं. आई उशीला टेकून म्हणाली, "काय रे, आज ताटात बघून एवढा हसतोयस?" राडोयचे डोळे भरून आले. इतकं सुख त्याला वर्षभरात लागलं नव्हतं.

फेब्रुवारीत वर्षश्राद्ध आलं. आईने रिवाजाप्रमाणे साखर घालून गहू शिजवले. राडोयने खांबावर नवा कागद डकवला, खड्ड्याचं झाकण उघडलं, मूठभर गहू ठेवले, रकिया दारूचे चार थेंब सांडले. पुढेमागे लागेल म्हणून हातदोर नळीतच ठेवलेला होता. त्याचं खालचं टोक त्याने आणि मिंकोने आपल्या हातांनी घळीतल्या पेटीत कुलूपबंद केलं होतं. किल्ली राडोयच्या खिशात होती.

"आई बरी आहे, बाबा," तो म्हणाला. "आता तुम्ही निवांत..."

दोर ताणला गेला. एक. दोन. तीन.

ओढ.

राडोयने दोर हातात घेतला. वर्षभर याच माणसाला परत आण म्हणून त्याने देवाला विनवलं होतं. पण त्या नळीत एक मनगटही मावत नाही. ओढून वर काय येणार? रडत रडत त्याने एक हिसका दिला. थांब.

दोर सैल पडला. राडोयने डोळे पुसले, झाकणाला हात घातला.

मग पुन्हा तीन हिसके आले. या वेळी अगदी जवळून.