सर्वात वेगवान किलोमीटर

धाकट्याला अंधार पडण्याआधी शोधायचं होतं, म्हणून मी आणि माझा नवरा डोंगर चढत होतो. बचाव पथक अजून बरंच मागे होतं आणि थंडी कुणासाठी थांबणार नव्हती.

धाकटा, म्हणजे माझा भाऊ, दर रविवारी इथे पळायला यायचा. त्याच्या फोनमधलं अ‍ॅप तो पळेल तशी नकाशावर निळी रेघ काढायचं आणि ती मला घरबसल्या दिसायची. त्या दुपारी मी इस्त्री करत होते. फोन वाजला. ‘नवा विक्रम! आजवरचा सर्वात वेगवान किलोमीटर!’ मी टाळ्यांचं बटण दाबलं. नवऱ्यालाही दाबायला लावलं. त्यानंतर धाकट्याने फोन उचललाच नाही.

वाट कसली, नुसता घसारा! काटेरी झुडपं कपडे फाडत होती, पायाखालून दगड सुटत होते. नवऱ्याला एरवी जिना चढतानाही धाप लागते, पण आज तोच पुढे होता, माझा फोन हातात धरून रेघ पकडून चालत. त्यात धुकं उतरलं. समोरचं झाडही दिसेना.

“सरळ चल,” तो म्हणाला. “रेघ पुढे जातेय. आणि बघ, ठिपका हलतोय! चालतोय गं तो!”

त्याने पाऊल टाकलं. खाली काहीच नव्हतं!

मी त्याच्या पाठपिशवीचा पट्टा पकडला. गुडघे रोवले. ओढलं! पट्टा उसवत गेला. त्याच्या हाताला एक मूळ लागलं आणि तो पोटावर सरपटत वर आला. खूप खाली नदीचा आवाज येत होता.

दगडावर आपटलेला फोन मी उचलला आणि नकाशा नीट पाहिला. धाकट्याचा गुडघा दुखतो, म्हणून तो उतारावर नागमोडीच पळतो. ही रेघ मात्र पट्टीने आखल्यासारखी थेट नदीत गेली होती. सिग्नल तुटला की अ‍ॅप दोन ठिपके सरळ जोडून टाकतं आणि वेगही त्यावरूनच काढतं. धाकटा तिथेच घसरून पडला असणार आणि त्याची पाठीवरची पिशवी सुटून, आतल्या फोनसकट नदीतून वाहत होती. तोच तो विक्रम! त्याच्या पडण्याला आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मला माझीच किळस आली.

“ठिपका सोड,” मी म्हणाले. “तो फोन आहे, माझा भाऊ नाही.”

“आणि तुझं चुकलं तर?”

“तर जन्मभर मी भोगेन. रेघ जिथे सरळ झाली, तिथून खाली उतरायचं. चल!”

नवऱ्याने पथकाला ती जागा कळवली. मग आम्ही बसून घसरत, मुळांना लोंबकळत उतरलो. हाका मारल्या. उत्तर नाही! पुन्हा हाका. घसा फाटला.

“ताई...”

तो एका कपारीत उताणा पडला होता. ओठ निळे, पण डोळे उघडे. जिवंत! मी रडतच त्याच्याजवळ बसले.

“हलू नकोस, माणसं येताहेत,” असं म्हणत नवऱ्याने आपलं जाकीट त्याच्या अंगावर पसरलं. मी अलगद त्याचे बूट काढले आणि बर्फासारखी गार पडलेली पावलं चोळू लागले. वरून पथकाच्या शिट्ट्या ऐकू आल्या.

“भाऊजी, तुम्ही कसे काय चढलात?” धाकटा हसायचा प्रयत्न करत होता. मग मला म्हणाला, “ताई, पाय गारठले असतील गं माझे. जरा चोळ ना.”

मी मघापासून तेच करत होते.

“हो रे,” मी म्हणाले, “चोळते.”