नावाड्याचा मराठी आवाज

परक्या भाषेतल्या कोणत्या मालिका बघाव्यात हे लोकांना सांगणं, हे माझं पोटापाण्याचं काम. वर्तमानपत्रात दर आठवड्याला माझं सदर येतं. लोक रस्त्यात थांबवून विचारतात, भाजी निवडता निवडता फोन करतात. दंतवैद्य तर माझं तोंड आ वासलेलं असताना विचारतो, "सध्या काय बघू?" मी सांगते, पण एक अट घालते. मूळ भाषेतच बघा, खालची अक्षरं वाचायचे कष्ट घ्या, मराठी आवाज लावू नका. परक्या ओठांवर आपले शब्द चिकटवले की मला संशयच येतो, हा माणूस खरं बोलतोय की नाही. तसा माझा स्वभावच संशयी. तोंड कधी पोळलेलं नसतानाही ही मुलगी ताक फुंकून पिते, असं मावशी म्हणते.

या अटीवरून आमच्या घरात कायम जुंपायची, कारण परक्या नटांना मराठी आवाज देणं हेच माझ्या बाबांचं काम. उभं आयुष्य त्यांनी त्यात घातलं. फौजदार झाले, दरोडेखोर झाले, राजे झाले, एकदा बोलणारं अस्वलही झाले. "त्या अस्वलानं तुला लहानाची मोठी केलीय, समीक्षकबाई," असं मला चिडवायचे. आई लवकर गेली, त्यामुळे घरात आवाज असायचा तो त्यांचाच. भरदार, थोडा खरखरीत. पलीकडच्या खोलीतून नुसती हाक आली तरी धीर यायचा.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावं लागलं. बाबा वाचले, आवाज गेला. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र डॉक्टरांनी दिलं होतं, पण त्यातून निघालेला पहिलाच शब्द ऐकून बाबांनी ते खणात टाकलं. तेव्हापासून ते लिहून पुसायच्या पाटीवर बोलतात. खरं सांगायचं तर बोलतच नाहीत. माणूस खुर्चीत बसल्या बसल्या विझत चालला होता आणि मला ते बघवत नव्हतं.

वेळ जावा म्हणून मीच त्यांना मालिका सुचवायला लागले. त्यात ती तळ्याकाठची आली. कुठल्याशा गार मुलुखातला एक म्हातारा नावाडी, त्याची रुसून गेलेली आणि परत आलेली मुलगी, आणि भोवती सदा धुकं. सदरात मी तिची तोंड भरून स्तुती केली. बाबांनी ती मूळ भाषेत शेवटपर्यंत बघितली, आणि संपल्यावर पाटीवर लिहिलं, 'या म्हाताऱ्याला मी हवा होतो.' मला भरून आलं.

पुढे त्या मालिकेला मराठी आवाज दिला गेला आणि दर आठवड्याला एकेक भाग येऊ लागला. मी अर्थातच तिकडे फिरकले नाही. एके दिवशी सकाळी मावशीचा फोन आला.

"अगं, सांगायचं तरी! भाऊजी पुन्हा कामाला लागले ते!"

"कोण? बाबा?"

"तुझी ती नावाड्याची मालिका बघतेय. त्यांचा आवाज ऐकला आणि रडूच आलं बघ."

म्हटलं मावशीला भास झाला. तरी मी दार लावून घेतलं आणि पहिल्यांदाच मराठी आवाज लावून बघितलं. धुक्यातून नाव येते. म्हातारा वल्हं बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "या... पाय जपून ठेवा."

बाबा. दुसरं कुणी असणं शक्यच नव्हतं. शब्द उच्चारण्याआधी किंचित थांबणं त्यांचं, वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडणं त्यांचं. जुन्या ध्वनिफितीतले तुकडे जोडले म्हणावं, तर कुठे जोड ऐकू येत नव्हता. नावाडी खोकला तर तेही बाबांसारखंच, आधी माईकपासून मान वळवल्यासारखं, जरा दुरून. माझ्या अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ डोक्यात तिडीक गेली. कुठे पाणी मुरतंय ते मला लगेच कळलं. हल्ली माणसाचा आवाज यंत्राला शिकवतात. बाबांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा सगळा साठा एकाच माणसाकडे होता, स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टकडे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. लहानपणी मला मांडीवर बसवून काचेपलीकडचे बाबा दाखवणारे मास्तर! घरच्याच माणसानं चोरी करावी?

बाबांना मी काही सांगितलं नाही. त्या दिवशी जेवण झाल्यावर ते नेहमीसारखे आपल्या खोलीत गेले. हल्ली दुपारी ते गाढ झोपायचे आणि कुणी उठवलेलं त्यांना खपायचं नाही. झोप लागते म्हणून मला बरंच वाटायचं. त्या दुपारी मात्र मी दार हळूच लोटलं. बाबा उताणे पडले होते, डोळे मिटलेले, आणि ओठ भराभर हलत होते... मध्येच थांबत होते... कुणाचं तरी बोलणं संपायची वाट बघावी तसे... आणि पुन्हा हलत होते. मी हात धरला, तर भर उन्हाळ्यात तो ओल्या फडक्यासारखा गार होता. हाका मारल्या, पण ते उठले नाहीत. तिन्हीसांजेला उठले, चहा प्यायले, आणि चेहऱ्यावर कामावरून घरी आलेल्या माणसासारखं समाधान.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीला बाबांजवळ बसवून मी स्टुडिओत गेले. एका इमारतीच्या तळघरात आहे तो. जिना उतरला की रस्त्याचा आवाज कमी होतो. पहिलं जाड दार लोटलं की तो तुटतोच, आणि दुसरं लोटलं की आपल्याच कानातलं रक्त वाहताना ऐकू येतं. जुन्या गालिच्याचा कुबट वास अजून तसाच होता. मास्तर यंत्रासमोर एकटेच बसले होते. मला बघून दचकले नाहीत, हे मला जास्त खटकलं.

"मास्तर, बाबांचा आवाज कुठल्या यंत्रात घातलात?"

त्यांनी कानांवरचे हेडफोन काढून बाजूला ठेवले. "यंत्र असतं तर बरं झालं असतं गं, बाळ."

"मला बनवू नका."

"नावाड्यासाठी दुसरा नट घेतला होता. चांगला पोरगा. काचेआड उभा राहून छान बोलला. ऐकून बघायला लावलं तर... तुझे बाबा. आम्ही दोघांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. पोरगा जो पळाला तो आलाच नाही."

"मग?"

"मग मी आतला दिवा मालवून रिकाम्या खोलीतच रेकॉर्डिंग लावून बघितलं." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "वाटलं, हे गेले. घाबरून घरी फोन केला. तू बाहेर गेली होतीस, तुझी मावशी येऊन बसली होती. ती म्हणाली, झोपलेत. जीव भांड्यात पडला... आणि मग जास्तच भीती वाटली."

"आणि तरी रोज लावत राहिलात?"

"रोज भेटत होते गं मला. काय करू?" मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आणि काम म्हणशील, तर असं काम त्यांनी धडधाकट असतानाही केलं नव्हतं."

एक अक्षर पटलं नाही मला. म्हाताऱ्यानं गोष्ट चांगली रचलीय म्हटलं. "आज कुठला भाग?" मी विचारलं.

"शेवटचा."

मालिका मी सुचवलेली, शेवट मला तोंडपाठ होता. शेवटच्या भागात नावाडी मरतो. मुलीचा हात हातात घेऊन दोन वाक्यं बोलतो आणि बोलता बोलता थांबतो.

"लावू नका," मी म्हणाले.

"मी लावलं नाही तर दुसरा कुणी लावेल. भाग उद्या पोचवायचाय."

"मग मी आत बसते. कुठला चोर येतो ते बघतेच."

काचेआडची खोली म्हणजे जेमतेम माणूसभर जागा. समोर पडदा, मध्ये माईक, भिंतींना कापूस भरलेलं कापड. मी कानांवर हेडफोन चढवले. दिवा गेला. पडद्यावर धुकं आलं. तिथली पद्धत अशी की तीन बारीक ठोके वाजतात आणि चौथा वाजायच्या जागी नटानं बोलायला सुरुवात करायची. पहिला वाजला... दुसरा... तिसरा...

"आज पाणी फार शांत आहे."

आवाज हेडफोनमधून आला नाही. माझ्या उजव्या कानाशी आला, माईकसमोर उभा असलेला माणूस जेवढ्या अंतरावर असेल तेवढ्यावरून. पाठोपाठ ओळखीचा वास आला, बाबा काम करताना तोंडात धरायचे त्या लवंगेचा. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी लवंग तोंडात घेतली नव्हती.

माझा सगळा संशय गळून पडला. नुसती भीती उरली, आणि लाजेनं सांगते, आनंदही. किती दिवसांनी ऐकत होते मी तो आवाज!

एक तुकडा संपला. दुसरा लागायच्या आधीच्या शांततेत मी हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही.

"बाबा... घरी चला."

"श्श... काम चालू आहे."

"पुढच्या प्रसंगात हा मरतो, बाबा..."

"माहीत आहे. तूच तर सुचवलीस."

"मग सोडा ना हे..."

"अर्ध्यावर?" आवाज हसला. मग अगदी हळू म्हणाला, "घरी आलो की परत ती पाटी... नको गं."

मला रडू फुटलं. तेवढ्यात मास्तर काच बडवू लागले. त्यांच्या हातात स्टुडिओचा फोन होता आणि तोंडानं ते नुसतं 'मावशी, मावशी' करत होते. बाबा उठत नाहीयेत, हे मला न ऐकताच कळलं. पडद्यावर मुलीनं म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. पहिला ठोका वाजला. दुसरा वाजला. मी माईकची तार दोन्ही हातांनी धरली आणि हिसका मारून उपटली.

पडदा चालू राहिला. म्हाताऱ्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. लवंगेचा वासही गेला.

धावतपळत घरी पोचले. दार मावशीनंच उघडलं, आणि ती हसत होती! "उगाच घाबरवलं गं तुला. अंग बर्फासारखं गार पडलं होतं, हलवून हलवून थकले. मग अचानक डोळे उघडून उठूनच बसले." बाबा खुर्चीत होते. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडले. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. त्यांचं काम मी मोडलं होतं, पण माणूस राखला होता. मला त्याचा जरासुद्धा पश्चात्ताप नव्हता.

मास्तरांनी कळवलं की तार उपटल्यानंतरचं काहीही नोंदलं गेलेलं नाही, नुसती खरखर आहे. त्यामुळे तेवढा प्रसंग मूळ भाषेतच ठेवून भाग पाठवलाय. ठरल्या दिवशी तो भाग आला. बाबांनी खूण करून लावायला सांगितलं. मीही शेजारी बसले. आता भ्यायचं कशाला?

मुलीनं हात हातात घेतला. नावाड्यानं तिच्याकडे बघितलं.

"किती मोठी झालीस," तो मराठीत म्हणाला. बाबांच्या आवाजात. "आता वल्हं तू धर. मी जरा..."

तेवढंच. मग एक लांब श्वास सुटला, आणि पुढचा आलाच नाही. मरणाचा असा अभिनय मी कुठल्याच भाषेत पाहिलेला नाही.

मी मान वळवायला धजत नव्हते. शेवटी वळवली. बाबा जागेच होते. डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होते, पूर्वी आपलं काम ऐकायचे तसे. मग त्यांनी डोळे उघडले, पाटी ओढली आणि लिहिलं, 'कसं झालं?'

"सुंदर," मी म्हणाले.

घर फार शांत वाटत होतं. पडदा बंद केला तरी काहीतरी कमी होतं, ते काय हे मात्र लक्षात येईना. मग आलं. ज्यांचं स्वरयंत्र काढतात ते नाकातोंडानं श्वास घेत नाहीत. गळ्याला छिद्र असतं, त्यातून घेतात. त्याची एक बारीक शीळ होते, रात्रंदिवस. घरच्यांना ती इतकी सवयीची होते की घड्याळासारखी ऐकू येईनाशी होते. मी जवळ सरकले. गळ्यावरच्या पातळ रुमालाला कान लावला. रुमाल हलत नव्हता.

बाबांनी मला प्रेमानं बाजूला केलं, पाटी पुसली आणि लिहिलं, 'पुढे काय बघू?'

बघायचं काही बाकी आहे तोवर ते जायचे नाहीत, असं मला वाटलं, आणि जिचे कितीतरी भाग यायचे बाकी होते अशी एक लांबलचक मालिका लावून दिली. तेव्हापासून ते ती बघतायत. वेळेवर उठतात, खुर्चीत बसतात, माझ्या विनोदांना हसतात. मावशीला काही वेगळं वाटत नाही. डॉक्टरांकडे मी त्यांना नेत नाही. त्यांनी छातीला नळी लावली तर काय सांगतील ते मला ऐकायचं नाही.

म्हणून म्हटलं, आज तुम्हालाच विचारावं. तुमचंही बघणं खूप आहे. कुठल्याही देशातली चालेल, कुठल्याही भाषेतली. संपत नाही अशी एखादी माहीत आहे का? घरातली चालू आहे ना, तिचा उद्या शेवटचा भाग आहे.